खुर्च्यांचा रोपवे

“हसा,” हेरंब म्हणाला आणि आम्ही दोघी हसलो.

आमच्या मागे बुडापेस्ट पसरलं होतं. टेकडीवरच्या पांढऱ्या तटाच्या कमानीतून खाली डॅन्यूब नदी दिसत होती, पलीकडे पार्लमेंटची टोकदार शिखरं, आणि सगळ्यावर ऑक्टोबरचं पातळ ऊन. माझी मुलगी रेवा तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या ओठांना साखर आणि दालचिनी चिकटली होती, कारण हॉटेलातून बाहेर पडल्या पडल्या हेरंबनं तिला तिथला तो नळीसारखा पोकळ, निखाऱ्यावर फिरवून भाजलेला गोड पाव घेऊन दिला होता. मलाही दिला होता. सकाळपासून तो फार खुशीत होता. ट्राममध्ये त्यानं रेवाला मांडीवर घेऊन प्रत्येक पुलाचं नाव सांगितलं, माझ्या गळ्याभोवतीचा स्कार्फ स्वतःच्या हातानं नीट केला, आणि एका जपानी आजीला पायरी उतरायला हात दिला.

माझा नवरा हेरंब हाडांचा डॉक्टर. नाशिकला त्याचं नाव होतं. पेशंटच्या मुलांची नावं त्याच्या लक्षात राहायची, म्हाताऱ्यांशी तो खाली वाकून बोलायचा. लोक मला सांगायचे, नशीब काढलंस हो. व्हिएन्नाला त्याची एक परिषद होती, ती संपल्यावर थोडे दिवस जोडून आम्ही इथे आलो होतो. रेवाचा पहिला परदेश, आणि माझाही.

इतकी छान सकाळ होती, आणि मी मात्र उठल्यापासून हेरंबच्या चेहऱ्याकडे बघत होते. सहलीची सकाळ जितकी छान, तितकं हे बघणं जास्त. ही सवय मला लहानपणापासूनची होती.

सांगलीला आमच्याकडे फियाट होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते, आणि रविवारी सहल काढणं हा त्यांचा शौक होता. कधी दंडोबाच्या डोंगरावर, कधी औदुंबरला, कधी पन्हाळ्याला, पावसाळा सरला की आंबा घाटात. आई पहाटे उठून तिखट-मिठाच्या पुऱ्या तळायची, भडंगाचा डबा भरायची, दहीभातात वरून दूध घालायची म्हणजे तो दुपारपर्यंत आंबत नसे. अण्णा शीळ घालत गाडी पुसायचे. मी आणि माझा मोठा भाऊ धनंजय मागे खिडकीसाठी भांडायचो. आमच्या आल्बममध्ये त्या सहलींचे फोटो अजून आहेत, आणि प्रत्येक फोटोत सगळे हसतायत.

पण गाडी निघाली की आई गप्प व्हायची. बाहेर उसाची शेतं जात, नदी जाई, तिचं लक्ष तिकडे नसायचं. ती अण्णांकडे बघत राहायची. हळूहळू आम्हीही तसंच बघायला शिकलो. सकाळ चांगली जायची, दुपारी काहीतरी व्हायचं. पुऱ्या मऊ पडलेल्या असायच्या, नाहीतर वाटेत भेटलेल्या एखाद्या नातेवाइकाशी आई जरा जास्त बोललेली असायची. काय होईल हे आधी कळत नसे. होणार, एवढं कळत असे.

त्या दिवशी बुडापेस्टला ते वीणाच्या रूपानं आलं.

एकसारख्या टोप्या घातलेला आपल्याकडचा एक टूरचा ग्रुप तटावर चढून आला, मराठी कानावर पडलं म्हणून मी वळून बघितलं, आणि समोर वीणा घोरपडे. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी. आम्ही एकमेकींना मिठी मारली. मी हेरंबची ओळख करून दिली, त्यानं तिचे आणि तिच्या नवऱ्याचे फोटो काढून दिले, सगळ्यांना हसवलं. वीणा त्याला सांगायला लागली की ही आमच्या वर्गात पहिली यायची, केमिस्ट्रीचे सर हिलाच फळ्याजवळ उभं करून शिकवायला लावायचे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सुनेत्रा, तू शिकवणं का सोडलंस गं? तुझ्यासारखीनं?”

मी हसत हसतच उत्तर दिलं. विचार करून दिलं असतं तर असं दिलं नसतं.

“खरं सांगू? माझं मलाच कळलेलं नाही.”

सगळे हसले. हेरंबही हसला. इतरांचं हसून झाल्यावरही त्याचं हसू थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं.

मी शिकवणं सोडलं नव्हतं. रेवा दोन वर्षांची असताना हेरंब एक दिवस माझ्या कॉलेजात पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेला, प्रिन्सिपॉल बाईंशी बसून चहा प्याला, आणि हिला आता विश्रांतीची गरज आहे असं सांगून आला. मला संध्याकाळी कळलं. बाई मला फोनवर म्हणाल्या, इतकी काळजी करणारा नवरा सगळ्यांना मिळत नाही. चार वर्षं झाली होती, आणि त्या बाबतीत मी पहिल्यांदा काही बोलले ते त्या तटावर, परक्या माणसांसमोर.

वीणाचा ग्रुप पुढे गेला. आम्ही जेवायला एका छोट्या हॉटेलात बसलो. हेरंब मेन्यू वाचत होता. रेवाच्या ओठांवरची साखर त्यानं रुमाल ओला करून हळूच पुसली.

“तुझं तुलाच कळलेलं नाही,” तो मेन्यूवरून नजर न उचलता म्हणाला.

मी म्हणाले, गंमत केली.

“मग हसायलाच हवं होतं. हसलो की मी.”

त्यानंतर जेवण संपेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. रेवाशी बोलत होता, वेटरशी बोलत होता. रेवानं सूपचे दोन चमचे घेतले आणि ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. मी तिला खूण केली, खा. तिनं खाल्लं. खाताना ती आवाज होऊ देत नव्हती.

बिल देऊन झाल्यावर हेरंब एकदम प्रसन्न आवाजात म्हणाला, “चला, डोंगरावर जाऊ. सुनेत्राला डोंगर आवडतात.”

मी म्हटलं, रेवा दमली आहे, हॉटेलवर जाऊ या का. तो म्हणाला, रोपवे बघितल्यावर दमणूक पळून जाईल. पासपोर्ट, पैसे, हॉटेलची किल्ली, सगळं त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये असायचं. माझा फोन त्यानं नाशिकलाच ठेवायला लावला होता, इथे कोण तुला फोन करणार म्हणून. मी बसमध्ये चढले.

शहर संपत गेलं. बंगले, मग झाडी, मग नुसती झाडी. पानं पिवळी झाली होती, आणि वर चढावं तसं ऊन कमी होत गेलं. रोपवेच्या खालच्या स्टेशनवर पाचदहा माणसं होती. आपल्याकडे रोपवे म्हणजे बंद डबा असतो. इथे नुसत्या खुर्च्या होत्या, दोघांनी शेजारी बसायच्या, वर तारेला लटकणाऱ्या. खाली पाय मोकळे. पुढे आडवा एक लोखंडी बार, तो वरून खाली ओढायचा, तेवढीच काय ती अडकण. खुर्ची थांबत नाही, हळू येते, तिच्यात पटकन बसायचं आणि ती उचलून नेते.

“रेवा माझ्याबरोबर,” हेरंब म्हणाला. “तू मागच्या खुर्चीत ये.”

रेवानं माझा हात सोडायला वेळ लावला. त्यानं तिला उचलून बसवलं, बार ओढला, आणि ती दोघं वर गेली. मी त्यांच्या मागून आलेल्या खुर्चीत एकटी बसले.

बराच वेळ काही झालं नाही. तार कुरकुरायची, प्रत्येक खांबाशी खुर्ची हिसका देऊन परत शांत व्हायची. खाली उतरणीवर गवत आणि मधून मधून खडक होते. समोर मला त्यांच्या खुर्चीची पाठ दिसत होती, हेरंबचे खांदे, आणि रेवाच्या लाल टोपीचा गोंडा. झाडांच्या शेंड्यांत धुकं उतरत होतं. माझ्या मागची खुर्ची रिकामी होती.

मधल्या टप्प्यात, जिथे जमीन एकदम खोल जाते, तिथे त्यांचा बार वर उठला.

आधी मला वाटलं, निसटला. मग हेरंबचा हात दिसला. त्यानं बार सावकाश डोक्याच्या वर नेला आणि तिथेच धरून ठेवला. दुसरा हात त्यानं खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता, रेवाभोवती नाही. मग तो मागे वळला आणि माझ्याकडे बघून हसला, फोटो काढताना हसायला सांगतो तसा.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर रेवा दचकून वळली असती. लाल गोंडा जराही हलत नव्हता. तिचे बूट हवेत एकमेकांना चिकटलेले दिसत होते.

आणि मला आंबा घाट दिसला. उतार लागला की अण्णा गाडी न्यूट्रलला टाकायचे. गाडी वेग घ्यायची, वळण जवळ यायचं, आणि अण्णा स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून डोक्यामागे बांधायचे. “आता काय म्हणायचं असतं?” ते आईला विचारायचे. मागे आम्ही दोघं टाळ्या वाजवायचो. आई म्हणायची, “चुकलं माझं.” “ऐकू आलं नाही.” “चुकलं माझं.” मग हात खाली यायचे, गाडी वळायची, आम्ही ओरडायचो, परत, अण्णा, परत. घाट उतरला की अण्णा गाडी टपरीशी उभी करून सगळ्यांना गरम भजी घ्यायचे. तिखट असेल तर आधी आईला चाखायला द्यायचे. आमच्या घरात त्याला घाटाचा खेळ म्हणत. लग्नाआधी हेरंबलाही मी तो सांगितला होता, आमच्या अण्णांच्या गमती म्हणून. त्यानं तो मन लावून ऐकला होता.

त्या खेळात चाललेलं काय होतं, ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. आईच्या मानेची शीर, तिच्या मांडीवर घट्ट धरलेला पुऱ्यांचा डबा, सगळं मी मागच्या सीटवरून कित्येकदा बघितलं होतं.

वरचं स्टेशन दिसायला लागल्यावर हेरंबनं बार खाली घेतला.

उतरताना त्यानं रेवाला अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि मलाही हात दिला. तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत धन्यवाद म्हणाला, एवढं तो सकाळी शिकला होता.

“घाबरलीस ना?” तो मला म्हणाला. “बार किती पक्का आहे ते बघत होतो.”

मी रेवाचा हात धरला. तो वाट बघत उभा राहिला. माणसं आमच्या बाजूनं पुढे जात होती.

“काही म्हणायचंय?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, जराही न रागावता. “हरकत नाही. अजून उतरायचंय.”

वर शिखराकडे पायवाट जाते, तिथे एक जुना दगडी मनोरा आहे. वाटेत चहा-कॉफीची टपरी होती आणि तिच्यापुढे मोठी रांग. हेरंबनं आम्हाला थोड्या अंतरावरच्या बाकावर बसवलं आणि तो रांगेत उभा राहिला. अधूनमधून आमच्याकडे बघून हात करायचा.

मी रेवाला जवळ घेतलं तेव्हा तिचे लेगिंग्ज ओले लागले. ती मला म्हणाली की पाणी सांडलं. मी म्हटलं, हो, सांडतं कधी कधी. ती टोपीचा गोंडा पिळत बसली होती. मग अगदी समजूतदार आवाजात, मोठी माणसं लहानांना सांगतात तशी, ती म्हणाली,

“आई, तू बाबाला सॉरी म्हणून टाक ना. तो म्हणाला, आईनं सॉरी म्हटलं की तो उतरताना बार काढणार नाही.”

“तुला भीती वाटली?”

तिनं जरा विचार केला. “नाही. मी हललेच नाही. हललं नाही की काही होत नाही.”

तोपर्यंत माझ्या मनात काय चाललं होतं तेही सांगते. मी ते शब्द जुळवतच होते. चुकलं, मी तसं बोलायला नको होतं, तो परत येईल कॉफी घेऊन तेव्हा म्हणून टाकू, रेवाला सुखरूप खाली नेऊ, मग बघू. मला ते म्हणणं जड नव्हतं. कित्येकदा म्हटलं होतं. पण सहा वर्षांची ती पोर मला कसं जगायचं ते शिकवत होती, आणि तिला ते इतक्या लवकर आणि इतकं चांगलं आलं होतं.

रांगेत हेरंबच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. तो त्यांच्याशी गुडघ्याबद्दल बोलायला लागला असावा, कारण तो वाकून त्यांचा पाय बघत होता. मी उठले, रेवाचा हात धरला, आणि टपरीच्या मागे शौचालयाची पाटी होती तिकडे चालायला लागले. पाटी ओलांडली. पुढे झाडांत एक वाट खाली जात होती, आणि त्या वाटेवर काठ्या टेकत दोन वयस्कर बायका चालल्या होत्या, त्यांच्याबरोबर एक कुत्रा होता. मी त्यांच्या मागोमाग निघाले.

“बाबाला सांगून जाऊ या,” रेवा म्हणाली.

“नंतर सांगू.”

“तो चिडेल.”

“चिडू दे,” मी म्हणाले. असं मी तिच्यासमोर कधी बोलले नव्हते. ती माझ्या तोंडाकडे बघत चालायला लागली आणि एकदा ठेचकाळली.

जंगलात धुकं दाट होतं. ओल्या पानांवरून पाय सरकत होते. आम्ही पहिल्या वळणापलीकडे गेलो असू, तेवढ्यात वरून हाक आली. “सुनेत्राऽ” मग “रेवू, बाळाऽ.” आवाजात राग नव्हता. किती काळजी होती त्या हाकेत, ऐकणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की बिचाऱ्याचं माणूस हरवलंय. रेवा थांबली. तिचं तोंड ‘ओ’ द्यायला उघडलं. मी तिच्या ओठांवर हात ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली, माझी.

मी हात काढला आणि खाली बसले. “तुला परत त्या खुर्चीत बसायचंय?” मी विचारलं.

वरून परत हाक आली, या वेळी जरा जवळून. मग तिनं मान हलवली, नाही.

मी तिला कडेवर घेतलं आणि धावले. धावत त्या बायकांना गाठलं. माझ्याजवळ त्यांची भाषा नव्हती, त्यांच्याजवळ इंग्रजी मोडकं. एकीनं माझ्याकडे बघितलं, रेवाच्या ओल्या कपड्यांकडे बघितलं, वरच्या हाका ऐकल्या. तिनं काही विचारलं नाही. गळ्यातली लोकरीची शाल काढून रेवाच्या कमरेभोवती गुंडाळली, मैत्रिणीला दोन शब्द बोलली, आणि त्या दोघी वाट सोडून एका आडवाटेला वळल्या. कुत्रा पुढे, आम्ही मागे. शाल देणारीचं नाव इलोना होतं. उतार संपेपर्यंत तिनं माझा दंड सोडला नाही. खाली बसस्टॉप होता. बस आली, आम्ही चढलो, दार लागलं, आणि रेवाला इलोनानं मांडीवर घेतलं.

तिनंच आम्हाला पोलीस चौकीत नेलं आणि ती माझ्या शेजारी बसून राहिली.

हेरंब आलाच. बायको आणि मुलगी डोंगरावर हरवली म्हणून त्यानं स्वतःच पोलिसांना कळवलं होतं. आत आल्या आल्या त्यानं रेवाला छातीशी धरलं, त्याचे डोळे खरोखर भरले होते. मग सगळ्यांशी हात मिळवून तो उत्तम इंग्रजीत बोलायला लागला. मी डॉक्टर आहे, माझी पत्नी काही दिवस मनानं थकलेली आहे, परदेशात आल्यावर वाढलं, चूक माझीच, मी तिच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं. समोर एक तरुण पोलीस अधिकारी बाई होती. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता माझ्याकडे बघायची तिची नजर मऊ होत चालली होती. ती मऊ नजर मी ओळखली. प्रिन्सिपॉल बाईंचा आवाज फोनवर तसाच मऊ झाला होता.

मी बारबद्दल सांगितलं. हेरंब म्हणाला, बार सैल होता, मी तो नीट बसवत होतो. बाईनं फोनवर एका हिंदी जाणणाऱ्या दुभाषी बाईला घेतलं आणि रेवाला विचारायला सांगितलं. रेवाला टीव्हीमुळे हिंदी येत असे. फोन कानाला लावून ती बापाकडे बघत राहिली.

“खेल था,” रेवा म्हणाली.

मला तिचा राग आला नाही. तिच्या वयाची असताना मला कुणी विचारलं असतं, तर मीही तेच सांगितलं असतं, आणि मनापासून.

हेरंबनं हलकेच सुस्कारा सोडला. पाऊच उघडून आमचे पासपोर्ट टेबलावर ठेवले, म्हणजे बघा, माझं काही लपवायचं नाही. मग माझ्याकडे झुकला, चेहऱ्यावर तेच काळजीचं हसू, आणि मराठीत अगदी हळू आवाजात म्हणाला, “अजून वेळ गेलेली नाही. चुकलं म्हण, आणि चल. नाहीतर रेवाला घेऊन मी परत त्याच खुर्चीत बसेन, आणि तू खाली उभी राहून बघशील.”

मी त्या अधिकारी बाईकडे वळले आणि तो आत्ता काय म्हणाला ते इंग्रजीत सांगितलं. प्रत्येक शब्द. वाक्य पुरं होईपर्यंत मी थांबले नाही.

बाईनं त्याच्याकडे बघितलं. हेरंबचं हसू तसंच होतं, फक्त त्याला आता ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं. आमच्यात जे बोललं जाई ते आजवर कधी तिसऱ्या माणसानं ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, ही खोटं सांगते. पण म्हणायला त्याला वेळ लागला, आणि तो वेळ बाईनं बघितला. तिनं टेबलावरचे आमचे दोन पासपोर्ट उचलले आणि माझ्या हातात दिले. त्याला तिनं दुसऱ्या खोलीत बसायला सांगितलं.

पुढचं वकिलातीच्या मदतीनं झालं. इलोनानं आम्हाला तिच्या घरी ठेवून घेतलं, धनंजयनं तिकिटं काढली. नंतर सगळं सोपं झालं असं नाही. कोर्टात वर्षं गेली, नाशिकची निम्मी माणसं आजही हेरंबला बिचारा म्हणतात, आणि रेवा शाळेत असेपर्यंत ठरल्या दिवशी त्याला भेटत होती, बाहेर कुणीतरी बसलेलं असताना. आता ती पुण्यात आर्किटेक्चर शिकते. बुडापेस्टमधलं तिला कुत्रा आणि शाल एवढंच आठवतं असं ती म्हणते. मी खोलात जात नाही.

पण मला सांगायचं आहे ते आईचं.

इलोनाच्या घरून मी सांगलीला फोन केला होता. आईनं उचलला. मी सगळं सांगितलं, खुर्ची, बार, सगळं. आंबा घाटाचं नाव मी घेतलं नाही. तिनं एकच विचारलं, रेवाला काय वाटलं.

“ती म्हणते खेळ होता,” मी सांगितलं.

मागून अण्णांनी कोणाचा फोन म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. आईनं त्यांना उत्तर दिलं नाही. अण्णांनी विचारलं आणि आईनं उत्तर दिलं नाही, असं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“विमान कुठलं ते सांग,” ती मला म्हणाली.

मुंबईला आम्ही उतरलो तेव्हा उजाडून गेलं होतं. मला वाटलं होतं धनंजय येईल. रेलिंगपलीकडे आई एकटीच उभी होती. ती सांगलीहून कधी एकटी मिरजेलासुद्धा गेलेली नव्हती. प्रवासानं साडी चुरगळलेली, केस सुटलेले, आणि पायाशी एक मोठी सूटकेस. रेवा धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. मी सूटकेस उचलायला गेले तर ती मला एका हातानं हलेना.

“एवढं काय आणलंस?” मी म्हणाले. “आता सांगलीलाच तर जायचंय.”

“सांगलीला नको,” आई म्हणाली. “चार दिवस धनंजयकडे पुण्याला राहू. त्याला मी सांगितलंय. मग खोली बघू.”

“कुणासाठी?”

तिनं रेवाची टोपी नीट केली, पदर खोचला, आणि सूटकेसची एक बाजू स्वतः धरली.

“तिघींसाठी,” ती म्हणाली. “धर तिकडून.”